शाळेच्या वेळेतले ट्रक

कारखान्याच्या देणगी विभागात धाकटी लागली, तेव्हा तिला वाटलं होतं, यापेक्षा सुखाची नोकरी नसेल. पैसा दुसऱ्याचा, हात आपला आणि घेणारा खूश. पण कारखान्याने शेजारच्या शाळेला देणगी द्यायचं ठरवलं, आणि त्या शाळेत सातवीला शिकवत होती तिची सख्खी थोरली बहीण.

"काय हवंय ते मोकळेपणाने सांग," धाकटी वर्गात जाऊन म्हणाली.

ताईने तोंड उघडलं आणि खिडकीबाहेरून मालाचा ट्रक गेला. तावदानं थरथरली, फळ्याखालचा खडू घरंगळून फरशीवर पडला. मुलं सवयीने गप्प राहिली. तो गेला, ताई बोलू लागली, तर मागून दुसरा.

"हे," ताई अखेर म्हणाली. आवाज पार बसला होता. एकेकाळी तिने हाक मारली की गल्लीच्या टोकाला खेळणारी धाकटी घरी पळत यायची. "शाळा सुटेपर्यंत तुमचे ट्रक मागच्या फाटकाने काढा. बाकी काही नको. तुमची दमडी खर्च होणार नाही."

धाकटी जवळजवळ नाचतच ऑफिसात परतली. विभागाच्या साहेबांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, आपण देणगी विभाग. ट्रक मालविभागाचे. आणि ट्रक वळवला तर त्याचा फोटो कसा काढायचा?"

"पण साहेब, त्यांना तेवढंच हवंय."

"आवाजाचा त्रास आहे ना? मग आवाजावर काहीतरी देऊ."

ती मालविभागात गेली. तिथला प्रमुख माणूस भला होता, चहासुद्धा पाजला त्याने. "मागचा रस्ता लांब पडतो, मॅडम. वळणावर गाड्या अडकतात. माल उशिरा का पोचला, हे मला वरून विचारतात. शाळेत काय शिकवलं, हे कोण विचारतंय?"

आणि मग शाळेच्या प्रत्येक वर्गात माइक आणि स्पीकर बसले.

"म्हणजे ट्रकशी भांडायला मला भोंगा दिलात?" ताई म्हणाली. सातवीचा स्पीकर वाढवला की सहावीच्या बाई आपला वाढवत, मग पाचवीचे सर. भिंतीपलीकडचा भूगोल सातवीच्या गणितात घुसायचा. मुलांना मात्र भारी मजा वाटत होती.

उद्घाटनाला कारखान्याचे मोठे साहेब येणार होते. त्या सकाळी धाकटी शाळेच्या दारात उभी राहिली आणि तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. रस्ता रिकामा होता. पलीकडच्या झाडावरची पाखरं ऐकू येत होती. एक ट्रक नाही!

"आज गाड्या कुठे गेल्या?" तिने विभागाच्या साहेबांना विचारलं.

"मागच्या फाटकाने. मोठ्या साहेबांचं भाषण आहे, मध्ये अडथळा नको. मीच फोन केला सकाळी."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक फोन! तिने महिनोन्‌महिने उंबरठे झिजवले, आणि हे काम एका फोनचं होतं.

आभार मानायला ताई उठली. समोरचा माइक तिने हाताने बाजूला सरकवला. "आज याची गरज नाही," ती त्या बसक्या आवाजात म्हणाली, आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न्‌ शब्द पोचला. "आज ट्रक नाहीत. साहेब, रोज असंच ठेवा. दिलेलं सगळं परत न्या हवं तर."

टाळ्या पडल्या. मोठे साहेब मनापासून हसले, "बाई फार छान बोलतात," म्हणाले आणि गाडीत बसले. दुपारी ट्रक पुन्हा सुरू झाले.

पुढच्या आठवड्यात विभागाच्या साहेबांनी नवा प्रस्ताव लिहायला तिच्यापुढे टाकला. वर्गांना न उघडणाऱ्या काचेच्या खिडक्या.

"मुलं उकडून निघतील, साहेब. हे मी लिहिणार नाही."

"मग दुसरं कुणी लिहील," साहेब शांतपणे म्हणाले.

संध्याकाळी ती ताईकडे जाऊन फणफणली. ताई निमूटपणे भांडी पुसत होती. "तुझ्या रागाने ट्रक थांबत नाहीत गं," ती म्हणाली. "उद्या पालक रस्त्यावर उभे राहणार आहेत. तू येऊ नकोस. नोकरी जाईल."

"नोकरी जाईल म्हणून घरात बसू?"

"बस. दोघींपैकी एकीचा पगार तरी नीट येऊ दे."

धाकटी गेलीच. शाळा भरायच्या वेळी आयाबाया, आजोबा, कडेवर पोरं घेतलेले बाप रस्त्यात दाटीने उभे होते. ती त्यांच्यात शिरली, तशी ताईने डोळे वटारले, मग सरकून जागा करून दिली. ट्रकांची रांग कारखान्याच्या आतपर्यंत तुंबली. चालक खाली उतरून गप्पा मारू लागले. शेवटी मालविभागाचा प्रमुख घाम पुसत आला आणि कबूल झाला, दिवसभर नाही जमणार, पण मधल्या सुट्टीपर्यंत गाड्या मागून काढू.

"आणि सुट्टीनंतर?" ताईने विचारलं.

"सुट्टीनंतर काय करू, बाई? मलाही वर तोंड दाखवायचंय."

तेवढंच मिळालं. गणित, भाषा सकाळी उरकायची आणि दुपारी चित्रकला, असं शाळेने ठरवलं. धाकटीची बदली खरेदी विभागात झाली. तिथे ती खुर्च्या आणि पंख्यांचे भाव विचारत बसते. वर्षअखेरीस कारखान्याची गुळगुळीत पुस्तिका निघाली. त्यात पानभर फोटो होता, स्पीकरचा. मागे ताई उभी होती, तोंड उघडं, उद्घाटनाच्या दिवशी बोलताना टिपलेली. खाली लिहिलं होतं, 'शिक्षिकांना मिळाला नवा आवाज'.

धाकटीने ते पान टरकन फाडलं. मग तिला वाटलं, ताईला दाखवायला हवं होतं. निदान दोघी मिळून तरी चिडलो असतो.