ब्लॅकआउटची काच

मंत्रीमहोदय यायच्या थोडंच आधी श्रावस्तीच्या लक्षात आलं, की एकाहत्तरच्या युद्धातली काच स्वच्छ झाली आहे. इतकी स्वच्छ काच त्या संग्रहालयात दुसरी नव्हती.

ती चंद्रप्रभाकाकूंनी फरीदाबादहून मांडीवर धरून आणली होती. ब्लॅकआउटसाठी काळा रंग फासलेली, मधोमध हेअरपिनने खरवडलेलं वाटाण्याएवढं भोक. नवरा रात्रपाळीहून येतोय का, हे बघायला तेव्हा नवी नवरी असलेल्या काकूंनी ते पाडलं होतं. त्यातून कंदिलाचा उजेड बाहेर गेला. शत्रूला इशारे करतात म्हणून दिल्लीच्या सरकारी वसाहतीतले पंजाबी, बंगाली, मद्रासी आणि मराठी शेजारी पहिल्यांदाच एकत्र आले, आणि त्यांनी नवऱ्याचा पाय मोडला.

प्रदर्शनाचं नाव होतं, ‘युद्धकाळातील एकजूट’.

"सर, हे कोणी केलं?"

"मीच पुसायला सांगितलं," संचालक अंशुमन म्हणाले. "मंत्री यायचे म्हणजे काचा चकाचक नकोत? मला तो मळ वाटला, यार."

"काकू येताहेत. ते भोक जाणार नाही, असा शब्द दिलाय मी त्यांना."

"गेलं कुठे? उलट मोठं झालं."

श्रावस्ती हसली नाही. अंशुमननी गार्डकडून बूट पॉलिशची डबी मागवली होती. "फासू, पिनने खरवडू. बिल्कुल तसंच."

"खोटं असेल ते."

"तुझं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत आहे ना?" त्यांनी आपुलकीने विचारलं.

ते डबीतून बोटाने पॉलिश काढत असतानाच काकू काठी टेकत आत आल्या. काचेसमोर येऊन थांबल्या.

"सॉरी काकू," अंशुमन म्हणाले. "आत्ता ठीक करतो. भोक नेमकं कुठे होतं, तेवढं दाखवा."

"तेव्हाही हेच विचारलं होतं लोकांनी," काकू म्हणाल्या. "मी दाखवलं. या वेळी नाही दाखवणार."

बाहेर सायरन वाजला. श्रावस्तीने काचेखालची पाटी काढली, उलटवली, मार्करने लिहिलं: ‘ही काच काळी होती. पाहुणे येणार म्हणून पुसली.’ आणि परत लावली.

"काढ ते."

"तुम्ही काढा, सर."

अंशुमननी हात पुढे केला आणि थांबवला. बोटं काळी होती, पाटी पांढरी.

दार उघडलं. मंत्रीमहोदय थेट त्यांच्याकडेच आले, हस्तांदोलनासाठी हात पुढे करून.