हाताला गुण

गेल्या रविवारी पाळकांनी भर उपासनेत जाहीर करून टाकलं, की रिबकाबाईला रोग बरे करण्याचं कृपादान मिळालंय. झालं होतं एवढंच, की तिनं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि एका म्हातारीचा ताप उतरला. तेव्हापासून बाईच्या तोंडून प्रार्थनाच निघत नव्हती.

आज याकोबनं आपली सलोमी तिच्या अंगणात, थर्मल वीजकेंद्राच्या राखेनं माखलेल्या बाजेवर आणून निजवली. पोरीला कापसात साप चावला होता. पापण्या जड होऊन मिटत चालल्या होत्या.

"हात ठेवा, मावशी."

"आधी दवाखान्यात ने तिला."

"कावून? देवानं तुमाला दान दिलंय की. मंग इस्वास सुईवर ठेवायचा का देवावर?"

नाही म्हणावं तर अविश्वासी ठरणार, हो म्हणावं तर पोर हातची जाणार. रिबकाबाईनं सलोमीच्या कपाळावर हात ठेवला.

"ठिवला. आता हा हात मी उचलत न्हाई. बूथवरून जीपवाल्याला फोन लाव, दवाखान्यापत्तोर असाच ठिवते."

अंबाजोगाईपर्यंत खड्ड्याखड्ड्याला याकोब निवांतपणे 'आमेन' म्हणत होता. ती मात्र पोरीचा श्वास चाचपत होती.

दवाखान्यात सिस्टर खेकसली, "बाई, हात काढा. सुई द्यायची हाय."

रिबकाबाईनं हात काढला, सिस्टरच्या हातातल्या सुईकडे पाहिलं, आणि रविवारपासून अडकलेली प्रार्थना तिच्या ओठांवर आली.

"प्रभू, हिच्या हाताला गुण दे."