बाऊ

माझ्या पोटची पोर मला हसरा चेहरा दाखवायची आणि सिस्टरला रडका. हॉस्पिटलात आल्यापासून हेच चाललं होतं.

मुलांच्या वॉर्डात एक कार्ड असतं. त्यावर ओळीने चेहरे, पहिला हसरा, शेवटचा डोळ्यांतून धारा लागलेला. किती दुखतंय ते मुलाने चेहऱ्यावर बोट ठेवून सांगायचं, त्यावरून औषध ठरतं. चिमणीच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं, पाय कमरेपासून प्लॅस्टरमध्ये. मी विचारलं की तिचं बोट हसऱ्यावर. मग ती कुरळ्या केसांची सिस्टर यायची, "ताई, तुम्ही जरा चहा घेऊन या," म्हणायची, आणि मी परतेपर्यंत बोट रडक्यावर गेलेलं असायचं. वर दोघींची कुजबुज! माझा नुसता जळफळाट व्हायचा. नऊ महिने पोटात मी वाढवलं आणि गुपितं हिच्या कानात?

"तुम्हीच शिकवता तिला," मी एकदा फणकारले.

"मी फक्त विचारते, ताई." इतक्या गोड आवाजात, की अंगाची लाहीलाही झाली.

सकाळी डॉक्टर आले तेव्हा मी संधी साधली. "सिस्टर उगाच औषध वाढवतात. माझी मुलगी खरं काय ते मला सांगते."

डॉक्टरांनी कार्ड पुढे धरलं. चिमणीने माझ्याकडे पाहिलं आणि हसऱ्यावर बोट टेकवलं.

"बरं, थोडं कमी देऊन बघू. दुखलं तर लगेच कळवा," डॉक्टर म्हणाले. सिस्टरने तसं लिहून घेतलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

दुपारी चिमणी अगदी शांत पडून होती. बाहुली नको, पाणी नको. गादीची कड मात्र मुठीत घट्ट धरलेली. शहाणं गं माझं बाळ, मी म्हटलं. सिस्टरने येऊन ती मूठ पाहिली आणि मला पुन्हा चहाला पाठवलं. या वेळी मी गेले नाही. पडद्याआडच थांबले, चोरासारखी.

"खूप दुखतंय ना, राणी?"

"हो. पण आईला सांगू नको हं. आई म्हणते, बाऊ करायचा नाही. आणि मी केलाय. एवढा मोठा."

घरी ती खरचटून आली की मी तिचे गुडघे झटकत म्हणायचे, "चल, उगाच बाऊ करू नकोस." चार वर्षांच्या पोरीच्या लेखी बाऊ म्हणजे जे लागतं, दुखतं ते. दुखणं हाच तिचा अपराध झाला होता, आणि तो ती माझ्यापासून लपवत होती.

मी पडदा सारला. मला बघताच तिने मूठ सोडली आणि ती घाईघाईने कार्डावरचा हसरा चेहरा शोधायला लागली.

"सिस्टर, डॉक्टरांना बोलवा. तिला फार दुखतंय," मी म्हटलं आणि तिचा हात धरला. "कर गं बाऊ. हवा तेवढा कर. मोठ्याने रड, मी नाही रागावणार."

तिचा ओठ थरथरला. पण आधी तिने सिस्टरकडे पाहिलं, आईचं खरं मानायचं का म्हणून.

सिस्टरने मान हलवली, तेव्हा कुठे माझी पोर माझ्याजवळ रडली.