पहिल्या खड्ड्यापर्यंतची धून

मी एक क्लॅरोनेट. अंगानं काळा, चाव्या पांढऱ्या, आणि आवाज म्हणाल तर वरातीत ट्रम्पेटवाल्यांच्या नाकावर टिच्चून ऐकू जाणारा. जन्म मेरठचा. पण मिरजेच्या एका दुकानातून नाथाजी हवालदारांनी मला उचललं आणि मी पाटण तालुक्याचा झालो.

हवालदार पलटणीच्या बँडमध्ये वाजवायचे. पलटणीचं वाद्य पलटणीत राही, मी त्यांचा घरचा. ते सुट्टीवर आले की मला पुसायचे, फुंकायचे. ते गेले की मी पेटीत. फौजीच्या घरात सगळ्यांचंच असं असतं, त्यामुळे मी कधी कुरकुरलो नाही.

अशाच एका सुट्टीत त्यांनी लेकीसाठी, स्वप्नालीसाठी, टीव्हीवर खेळायचा गेम आणला. पडद्यावर एक ठेंगणा पोरगा खड्ड्यांवरून उड्या मारत पळायचा आणि मागं बारीकशी धून वाजायची. धून कसली, चार सुरांची टिकटिक! ना दम, ना साथ. मी नाक मुरडायचो. पण बापलेक मांडीला मांडी लावून बसायचे आणि तिची आई मंगलवहिनी "आवं, जेवायचं हाय का न्हाई?" म्हणून ओरडून दमायच्या.

पुढं हवालदार निवृत्त झाले. त्यांनी गावात बँड उभा केला. स्वप्नाली शिकली, नोकरीला लागली, तासगावच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. बापानं विचारलं, "काय पायजे गं तुला?"

"आपल्या गेमची धून वाजवा, पप्पा. माझ्या पाठवणीला."

झालं! हवालदारांच्या अंगात वारं शिरलं. तिच्या शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनाला ते नव्हते. तिला टायफॉइड झाला तेव्हा ते बर्फात होते. ती सगळी भरपाई या एका वाजवण्यात करायची, असं त्यांनी मनाशी धरलं. मोबाईलवर अख्खी धून ऐकली, पलटणीच्या शिस्तीत प्रत्येक वाद्याला त्याचा भाग नेमून दिला. मला तर इतक्या हरकती दिल्या की मी फुलून गेलो.

देवळापुढं तालीम झाली. ढोलवाला जोतिबा म्हणाला, "आवं हवालदार, लय जंगी झालंय. जनू इमानच उतरतंय!" स्वप्नालीनं टाळ्या वाजवल्या. पण तिचं तोंड काही फुललं नाही. बापाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"आवडलं न्हाई व्हय?"

"लय भारी हाय, पप्पा. पर ह्ये ते न्हाई."

"अगं, सूर न् सूर त्योच हाय."

"आपण कवा एवढं ऐकलं? तुमी पयल्याच खड्ड्यात पडायचा. धून तितंच तुटायची, आन् परत पयल्यापासनं. मला तेवढीच ठावं हाय."

हवालदारांनी मंडळींना चहा पाजून घरी धाडलं. मग संध्याकाळी घराच्या पायरीवर बसून त्यांनी मला ओठांना लावलं आणि तेवढाच तुकडा वाजवला. एकही हरकत नाही, सरळ सूर, हलका श्वास. खरं सांगतो, माझी त्रेधा उडाली. हरकतींच्या आड लपता येतं, सरळ सुराला आडोसाच नसतो. खड्ड्याशी आलो आणि थांबलो. आतून स्वप्नाली पिठाच्या हातानं धावत आली. "ह्येच! ह्येच ते, पप्पा!"

लग्न लागलं. जेवणं उरकली. आमच्या गावाची रीत अशी, की पाठवणीची धून संपल्याशिवाय नवरीची गाडी हलवायची नाही. सगळा बँड गप्प उभा राहिला, मी एकटा वाजू लागलो. खड्ड्याशी थांबलो. गाडीत बसलेली स्वप्नाली रडता रडता हसली. परत सुरुवात. परत खड्डा. परत पहिल्यापासून.

आणि माझ्या ध्यानात आलं, या धुनेला शेवटच नाही.

नवऱ्याचे मामा घड्याळ बघू लागले. ड्रायव्हरनं गाडी सुरू करून बंद केली. बापाला थांबा म्हणायला कुणाची जीभ रेटेना. हवालदारांनी डोळे मिटले होते. त्यांचा श्वास माझ्यातून जातो, त्यामुळे मला सगळं कळत होतं. त्यांना थांबायचंच नव्हतं. आजवर दर वेळी तेच निघून जायचे आणि ती दारात उभी राहायची. दारात उभं राहणं म्हणजे काय, ते त्यांना आज समजत होतं.

शेवटी स्वप्नालीच गाडीतून उतरली. शालू सावरत आली आणि बापाच्या मनगटाला धरून म्हणाली, "पप्पा, आता पडू नका. उडी मारा. मी येते."

हवालदारांनी मान हलवली. ती गाडीत बसली. आम्ही पुन्हा पहिल्यापासून निघालो, खड्डा आला, आणि आम्ही पलीकडं गेलो. सगळ्या बँडसाठी बसवलेली ती पुढची धून मी एकट्यानं वाजवली, एकेक साधा सूर धरून. मध्येच त्यांचा श्वास तुटला, मी चिरकलो. मला त्याची लाज वाटली नाही. शेवटचा सूर लागला आणि गाडी तासगावच्या वाटेला लागली.

हल्ली मी कपाटात असतो. माझ्या सांध्यांतून हवा जाते, म्हणून वरातींना नवा क्लॅरोनेट जातो. तक्रार नाही. दिवाळीला स्वप्नाली यायची आहे, तेवढं मला बाहेर काढा. आणि बाबांनो, त्या दिवशी कुणी "जरा जोरात होऊ द्या" म्हणू नका. तिला ऐकू जाईल एवढा आवाज माझ्यात अजून आहे.