रोमानची कबर

दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की बोझेना आणि लुत्सिना बसच्या सहलीला जायच्या. बसमधली बाकीची माणसं दरवर्षी नवी, पण या दोघींचं ठरलेलं. जाताना खिडकी लुत्सिनाची, येताना बोझेनाची, आणि मुक्कामाला दोघींत एक खोली. यंदा तोरुन शहरात उतरल्यावर सहलीच्या बाईंनी खोल्यांच्या किल्ल्या वाटल्या, तेव्हा लुत्सिनाच्या जोडीला भलतंच नाव निघालं. आदेला. बोझेनाच्या वाट्याला एक निवृत्त शिक्षिका आली. तिनं खोलीत पाऊल टाकताच सांगून टाकलं की आपण थंडीतही खिडकी उघडी ठेवून झोपतो.

लुत्सिना वसंतात समुद्राकाठच्या गावी राहायला गेली होती, तिथली हवा छातीला मानवते म्हणून. ही आदेला तिथली शेजारीण. विधवा, उंच, सत्तरीतही ताठ, आणि हसली की आजूबाजूचे लोक आपोआप हसायचे. जेमतेम सहा महिन्यांची ओळख, आणि बाईसाहेब बसमध्येसुद्धा थेट लुत्सिनाच्या शेजारी. आयत्या बिळावर नागोबा. नव्याचे नऊ दिवस असतात, अशी बोझेनानं स्वतःची समजूत काढून पाहिली. निघाली नाही. चाळीस वर्षांची मैत्रीण डोळ्यांदेखत कुणी पळवून नेत होतं आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर, आदेला समोरच बसलेली असताना, बोझेनानं आपलं नेहमीचं सुरू केलं. "आमच्या लुत्सिनानं फार सोसलंय हो..." एवढंच म्हटलं तिनं, तर टेबलाखालून तिच्या नडगीवर बुटाचं टोक बसलं.

"बोझेना, सूप निवतंय तुझं," लुत्सिना म्हणाली.

बोझेनाला कळेना. दर सहलीत सूप संपायच्या आत सगळ्या टेबलाला ठाऊक व्हायचं की लुत्सिनाचा नवरा रोमान दातांच्या डॉक्टरच्या बायकोला घेऊन पळाला, आता तिकडे जर्मनीत ऐष करतोय, आणि या बिचारीनं कसे दिवस काढले. लोक हळहळायचे. लुत्सिना मान खाली घालून जेवायची. आपण मैत्रिणीची बाजू मांडतो, असं बोझेनाला वाटायचं. जित्याची खोड, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी वाटाड्या मुलीनं सगळ्यांना कललेल्या बुरुजापाशी नेलं. भिंतीला पाठ आणि टाचा टेकवायच्या, हात पुढे करायचे. ज्याचा तोल जाईल तो पापी. एकेक जण पडत होता आणि हशा पिकत होता. आदेला उभी राहिली, डुलली, आणि सरळ लुत्सिनाच्या गळ्यात पडली.

"बाई गं, किती पापं केलीस?" लुत्सिनानं विचारलं.

"तुला रात्री सांगते, दार लावून," आदेला म्हणाली, आणि दोघी शाळकरी पोरींसारख्या खिदळल्या.

बोझेनाची पाळी आली तेव्हा ती पुढे झालीच नाही. "माझे गुडघे दुखतात," ती म्हणाली. दुखत होतं ते पोटात.

मग सगळे बाजाराच्या चौकात आले. घरच्या मयतांच्या कबरींवर जायचा संतांचा सण आठवड्यावर आला होता, त्यामुळे ठेल्यांवर शेवंतीच्या कुंड्या आणि कबरीवर लावायचे लाल काचेचे दिवे मांडलेले होते. आदेलानं नवऱ्यासाठी दोन दिवे निवडले, आणि मग लुत्सिनाकडे वळली.

"तुझ्या रोमानसाठी एक मी घेते. आणि सणाला मी येतेच तुझ्याबरोबर. आमचं सकाळीच उरकतं. तू एकटी नको उभी राहूस कबरीपाशी."

लुत्सिनाचा चेहरा पांढरा पडला.

बोझेनाला क्षणात सगळं उमगलं. वेडीनं नव्या गावात नवरा मारून टाकला होता. मेलेल्या माणसाला कबर लागते, आणि सणाच्या दिवशी अख्खं गाव कबरीपाशी उभं असतं, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणून ती लाथ. म्हणून ती खोली. आणि आता एका वाक्यात या मैत्रीचा निकाल लागणार होता. कसली कबर हो, चांगला ठणठणीत आहे तो! वाक्य जिभेवर आलं. इतकं गोड काही तिच्या जिभेवर कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

"बोझेनाबाई, तुम्ही तर होतात ना दफनाला?" आदेलानं विचारलं. "लुत्सिनानं सांगितलंय मला. म्हणते, सगळे येऊन काही ना काही बोलत होते, आणि तुम्ही तेवढ्या तिचा हात धरून उभ्या राहिलात. शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. अशी मैत्रीण मिळायला नशीब लागतं."

बोझेनानं लुत्सिनाकडे पाहिलं. लुत्सिना शेवंतीच्या कुंडीकडे बघत होती.

"होते," बोझेना म्हणाली. "पण कबर आमच्या गावात नाही. त्याच्या आईनं हट्ट धरला, पार सरहद्दीजवळच्या त्यांच्या खेड्यात नेलं. गाडी जात नाही तिथे. चिखल नुसता."

"अरेरे. मग आपल्या गावच्या कबरस्तानातल्या मोठ्या क्रुसापाशी लावू," आदेला म्हणाली. "दूरच्यांसाठी तिथेच लावतात." तिनं जित्याजागत्या रोमानसाठी दिवा विकत घेतला आणि कागदात नीट गुंडाळून घेतला.

दुपारी सगळ्यांना विस्वा नदीच्या काठी मोकळं सोडलं होतं. आदेला फोटो काढायला पुढे गेली, तशी लुत्सिना बाकावर बोझेनाशेजारी येऊन टेकली.

"आज रात्री माझ्या खोलीत ये," बोझेना म्हणाली. "त्या मास्तरणीला आदेलाकडे पाठवू."

"नको गं."

"मी सांभाळून घेतलं तुला."

"घेतलंस. विसरणार नाही मी. पण तिच्याजवळ मी नुसती लुत्सिना असते. तुझ्याजवळ मी रोमाननं टाकलेली बाई असते. उठताबसता."

बोझेनाला काही तरी सडेतोड ऐकवायचं होतं. त्याऐवजी तिनं विचारलं, "त्या दफनात मी खरंच काही बोलले नाही?"

"अवाक्षर नाही," लुत्सिना म्हणाली. "पहिल्यांदा ते सांगितलं ना, तेव्हा रडले मी. आदेलाला वाटलं, रोमानसाठी."

ती उठून आदेलाकडे गेली. बोझेना बाकावर बसून राहिली. आदेलाबद्दलची जळजळ अजून होतीच, पण आता तिला जास्त हेवा वाटत होता तो त्या न झालेल्या दफनातल्या, मैत्रिणीचा हात धरून गप्प उभ्या राहिलेल्या बोझेनाचा.