बुद्धीचा पट्टा

बेसा गावच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर दुसरीतला पियूष कानांवरून चमचमता पट्टा बांधून बसला होता. पालकांनी चिठ्ठीवर गणित लिहायचं, पट्टा विकणाऱ्या भैय्याजींनी ते दोनदा मोठ्याने वाचायचं, पियूषने डोळे मिटून उत्तर सांगायचं. चार आकडी गुणाकारसुद्धा बरोबर!

"कृत्रिम बुद्धिमत्ता हो! चहात साखर तशी मेंदूत उतरते," भैय्याजी गरजले. "एकवीस दिवस बांधा. मग लेकराले विचारच करा लागणार नाही!"

टाळ्या पडल्या. विचार टळल्याचा एवढा आनंद मी प्रथमच पाहत होते.

माझी वहिनी हर्षा तिसरीतल्या मयुराला घेऊन रांगेत होती. "हिले पट्टा बांधाचाच. उत्तर सोडून प्रश्नच विचारून राहिली. शाळेत ढ म्हणतात."

"काहून वं आई?" मयुराने विचारलं.

"पाय, पुन्हा प्रश्न!"

ही खोड आबांची, माझ्या वडिलांची. उमरेडच्या विणकराचा मुलगा, प्राथमिक शिक्षक. त्यांच्या प्रत्येक पेपरात एका गणितातला एक आकडा मुद्दाम गाळलेला असे. "गुरुजी, यात काहीतरी कमी आहे," म्हणणाऱ्याला पूर्ण गुण. त्यांना जाऊन दोन महिने झाले. त्यांची गणितांची वही माझ्या पिशवीत असते. वाचत नाही, असते.

त्यातलं एक गणित मयुराने चिठ्ठीवर उतरवलं. भैय्याजींनी दोनदा वाचलं, "गोविंदा रोज दोन हात कापड विणतो. थान, म्हणजे अख्खा तागा, किती दिवसांत पुरं होईल?"

पियूषने डोळे मिटले. "थानाची लांबी दिलेली नाही. कृपया ती सांगा. मी आणखी काही मदत करू का?"

मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायजाबाई ओरडल्या, "अवं, हा त माह्या नातवाच्या फोनसारखा बोलून राहिला!"

मयुराने पुढे होऊन पियूषच्या डोक्यावरचा पट्टा उचलला. आत, कानापाशी, मण्याएवढा स्पीकर. भैय्याजींच्या खिशातला फोन गणित ऐकत होता आणि उत्तर पियूषच्या कानात सांगत होता. पोरगं बिचारं ऐकलेलं इमानाने म्हणत होतं.

फोनचा दोष नाही. काहीतरी कमी आहे, हे त्या गर्दीत त्यानेच तर सांगितलं. मुलांच्या हाती तो जरूर द्या. पण "उत्तर देऊ नको, माझं कुठं चुकतं ते दाखव," असं त्याला सांगायला शिकवा. डोकं मुलांचंच राहू द्या.

हर्षा रांगेतून बाहेर पडली. "चाल मयुरा, घरी. विचार तुले काय विचाराचं ते."

"आत्या, ते थान किती लांब होतं?"

"ठाऊक नाही गं," मी म्हटलं. "आबांना विचारायचं राहिलं."