कमी मार्कांची तक्रार

शाळांना ॲपवरून गृहपाठ पुरवणाऱ्या एका कंपनीत तनुजा गणिताचे प्रश्न सांभाळायची. प्रत्येक प्रश्नाखाली ‘चूक कळवा’ असं बटण होतं. उत्तर चुकलं की मुलं ते दाबून मोकळी व्हायची. त्या ढिगात खऱ्या चुका बुडून जायच्या, दुरुस्तीला महिना लागायचा आणि शिक्षक फोनवर खवळायचे.

उपाय तनुजानंच सुचवला. ज्या मुलांना एरवीही मार्क कमी पडतात, त्यांच्या तक्रारी कुणी उघडायच्याच नाहीत, परस्पर उत्तर जाईल. हुशार मुलांच्या तेवढ्या पाहायच्या. उत्तराचं वाक्यही तिनंच लिहिलं : ‘तुमची तक्रार तपासली आहे. तुमचे उत्तर चूक आहे. कृपया धडा पुन्हा वाचा.’ दुरुस्त्या झपाट्यानं व्हायला लागल्या. तिचे वरिष्ठ अभय सर यांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

दिवाळीनंतर ती बजाजनगरला भावाकडे गेली. चहा ठेवता ठेवता सरिता वहिनी म्हणाली, “ताई, संस्कृतीला जरा समजावा. गणिताचं नाव काढलं की रडती.”

सातवीतली तिची भाची संस्कृती आतल्या खोलीत बसली होती. “मला नाय येत गं आत्या,” ती म्हणाली. “तीनदा कळवलं, तर तिन्ही वेळा माझंच चूक निघालं.”

तिनं मोबाईल पुढं केला. बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद बागेला कुंपण घालायचंय, तर कुंपण किती लागेल? संस्कृतीनं चाळीस लिहिलं होतं. ॲपचं उत्तर होतं शहाण्णव. कुणीतरी परिमितीऐवजी क्षेत्रफळ भरून ठेवलं होतं. आणि खाली तनुजाचं ते वाक्य, एकाखाली एक, तीनदा.

“पप्पा म्हणले, ॲप काय खोटं बोलतं व्हय? मग पानभर शहाण्णव लिहून घेतलं.”

तनुजानं गणित पुन्हा एकदा वाचलं. “तुझं बरोबर आहे, संस्कृती. चाळीसच.”

“मग त्यांनी तपासलं तवा दिसलं नाय का त्यांना?”

‘त्यांनी’ म्हणजे कुणी, हे सांगायला तनुजाची जीभ रेटेना. “बघते मी,” एवढंच बोलून ती बाहेर आली. भाऊ शिवराज विचारत होता, “काय गं, काय म्हणती?” चहा तसाच टाकून ती निघाली. गाडीवर सारखं मनात येत होतं, कुणीच तपासलं नव्हतं आणि आपण तपासलं म्हणून लिहिलं. चुकीच्या उत्तरापेक्षा ते जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बंद झालेल्या तक्रारी उघडल्या. बऱ्याचशा खरंच फालतू होत्या. पण कुंपणाच्या त्या एकाच प्रश्नावर कितीतरी शाळांतल्या मुलांनी चाळीस लिहिलं होतं, आणि सगळ्यांना धडा पुन्हा वाचायला सांगितलं होतं.

“एखाद-दुसरी सुटणारच की,” अभय सर म्हणाले. “काम लवकर होतंय ना?”

“सर, ज्या मुलांना आधीच आपण ढ आहोत असं वाटतं, नेमकं त्यांनाच आपण खोटं पाडलं. ही माझी चूक आहे. मलाच निस्तरू द्या.”

सर कुरकुरले, पण तयार झाले. आता अनेक मुलांच्या तक्रारींत एकच उत्तर आलं की तो प्रश्न आधी वर यायचा, मार्क कुणाचे कितीही असोत. आणि माणसानं पाहिल्याशिवाय ‘तपासली’ हा शब्द जायचा नाही. कापलेले मार्क परत मिळाले, प्रत्येकाला माफीचा निरोप गेला.

पुढच्या रविवारी संस्कृतीनं तो निरोप दाखवला. “आत्या, हे तू लिहिलंस?”

“हो. आणि आधीचंही मीच लिहिलं होतं. तुझी तक्रार कुणी बघू नये, असं मीच ठरवलं होतं.”

दारात उभ्या शिवराजनं मान खाली घातली.

संस्कृतीनं मोबाईल खाली ठेवला. “माझे मार्क कमी होते म्हणून?”

“हो.”

ती उठून वहिनीकडे गेली. त्या दिवशी आत्याशी बोललीच नाही.

तनुजा दर रविवारी जात राहिली. हळूहळू संस्कृती वही घेऊन शेजारी बसायला लागली. गणितं सुटतात तिला. पण प्रत्येक पायरीला पेन्सिल थांबते, ती वर बघते आणि विचारते, “बरोबर हाय ना, आत्या?” आणि बरोबर असूनही तनुजाला तिच्या नजरेला नजर देता येत नाही.